तोंड तिचं, हात माजे

“कृपया मान डावीकडे वळवा,” असं दाराबाहेर कुणीतरी बाई म्हणाली, आणि दात घासता घासता यशोधरानं खरंच मान डावीकडे वळवली. मग आरशात स्वतःचं ते फेसाळलेलं, आज्ञाधारक तोंड बघून तिला शिसारी आली. बाहेरचा आवाज यंत्राचा होता. गोड, नको इतका गोड. “आता उजवीकडे. पापण्या मिटा. उघडा. धन्यवाद, पिंकी. तुमचं काम सुरू झालं आहे.” यशोधरानं चूळ भरली आणि दार उघडलं. कुरवंड्याची डिसेंबरातली थंडी भसकन आत आली. कॉटेजच्या पायरीवर विशी-बाविशीची एक पोरगी उभी होती. एका हातानं शालीत गुंडाळलेलं तान्हं छातीशी धरलेलं, दुसऱ्या हातात तोंडासमोर मोबाइल. तिनं तो मोबाइल मुकाट्यानं मागच्या बाईच्या हातात दिला आणि ओली बाळंतीण बसते तशी भिंतीला धरून, जपून पायरीवर टेकली. मागच्या बाईनं मोबाइल एप्रनच्या खिशात टाकला, बादली उचलली आणि वर बघितलं. लीलाबाई! जिचं तोंड या जन्मात पुन्हा बघायची वेळ येऊ नये असं यशोधराला गेले आठ महिने वाटत होतं, नेमकी तीच बाई फिनेलच्या वासासकट समोर उभी.

“रूम करायचीय, ताई. येऊ का आत?” लीलाबाई म्हणाल्या, जशी काही जन्मात कधी गाठ पडलीच नव्हती. आत आल्या, दार लोटून घेतलं आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, “तुमीच हायसा व्हय! यादीत नाव ऐकलं तवा म्हनलं, दुसरी कुनी आसंल यशोधरा.”

“मावशी, पण अ‍ॅपवरचा तुमचा आयडी तर…”

“बंद हाय की. कायमचा.” त्यांनी एका झटक्यात पलंगावरची चादर ओढली. उशीवर हॉटेलनं ठेवलेल्या चिक्कीची पुडी उडून जमिनीवर पडली, ती उचलून त्यांनी टेबलावर ठेवली. “ही पिंकी माजी पुतनसून. चाळीस दिस झालं बाळंतपनाला. वाकता येत न्हाई अजून. मग तोंड तिचं, हात माजे. येईल त्ये निम्मं निम्मं. आता त्ये अ‍ॅप दिसातनं चार बाऱ्या तोंड मागतं, कवाबी. हाटेलातल्या समद्यांचं एकदमच वाजतं. एका मिन्टात तोंड दावलं न्हाई तर आयडी गेला. म्हनून ती पोर लेकरू घिऊन माज्या मागंमागं फिरती.” चादर नेमकी ताणून बसवली, उशीला दोन चापट्या मारल्या, आणि मग त्यांनी पहिल्यांदा यशोधराच्या डोळ्यांत बघितलं. “ह्ये लिवू नका, ताई.”

“छे हो, मावशी! काय बोलता!” यशोधरा म्हणाली. आणि हेही खरं, की ते म्हणताना तिच्या छातीत जे धडधडत होतं ते भीतीनं नव्हतं, लाजेनंही नव्हतं, ते आनंदानं होतं. कारण ‘तोंड तिचं, हात माजे’ हे चार शब्द कानावर पडल्या पडल्या तिच्या डोक्यात एक स्लाइड तयार झाली होती. काळी पाटी, मधोमध पांढरी अक्षरं, खाली काही नाही. हॉल गप्प होईल. माधवीताई चष्मा काढतील. “मी जरा हात धुऊन येते हं,” असं म्हणून ती बाथरूममध्ये गेली, कडी घातली, नळ सोडला आणि कमोडच्या झाकणावर बसून तिनं ते चार शब्द मोबाइलमध्ये टिपून ठेवले. मग नळ बंद केला. बाहेर आली तेव्हा लीलाबाई फरशी पुसत उलट्या पावली दाराकडे सरकत होत्या. त्यांनी मान वर केली, परत खाली घातली.

मग ती नाश्त्याला गेली. तिथं मोठं टेबल मांडलेलं, कापलेली फळं, उपमा, पोहे, अंडी, आणि प्रत्येक डिशपुढे कार्डावर पाचपाच ओळींत लिहिलेलं, की हे गहू कुठल्या शेतातले आणि हा मध कुठल्या आदिवासी पाड्यावरचा. जबाबदार नाश्ता! फेलोशिपचं नावच जबाबदारीचं होतं. जबाबदार तंत्रज्ञानातलं लोकहिताचं उगवतं नेतृत्व घडवायचं, म्हणून देशभरातून नऊ जण निवडलेले, वर्षभर त्यांना मानधन, आणि वर्षाअखेर हे तीन दिवस लोणावळ्याच्या अंगाला नागफणीच्या दरीकडे तोंड करून बांधलेल्या रिसॉर्टमध्ये मुक्काम. नऊ फेलो आणि त्यांना घडवायला तीसेक माणसं. आज शेवटची सादरीकरणं. नवांतून तिघांना दुसरं वर्ष मिळणार. वडिलांना, विठ्ठल ओव्हाळांना, तिनं हे समजावलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, “म्हणजे पगार का बक्षीस?” ती म्हणाली, दोन्ही नाही. त्यांनी तेवढ्यावर मान डोलावली आणि वराळ्यात, गावच्या चौकात, तिचा फ्लेक्स लावला. कंपनीतून निवृत्त झाल्यावर एवढा खर्च त्यांनी दुसऱ्या कशावर केला नव्हता. ‘भावी नेतृत्व यशोधरा विठ्ठल ओव्हाळ यांचे हार्दिक अभिनंदन.’ तिचा फोटो कंबरेपासून वर, गुलाबी ढगांत. तळेगावची कायम नोकरी सोडली होती तिनं यासाठी. पुढचं वर्ष मिळालं नाही तर तो फ्लेक्स उतरवणार कोण, आणि तोवर त्याच्याखालून रोज जाणार कसं?

“बस, बस, यशो,” राजेंद्र सर म्हणाले. राजेंद्र सर म्हणजे या बायकांना कामं देणाऱ्या त्या अ‍ॅपच्या कंपनीतले मोठे अधिकारी आणि या फेलोशिपमध्ये तिचे मेंटॉर. दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं. उलट ‘संवाद हवा’ म्हणे. ते उकडलेलं अंडं सोलत होते. सालीचा पापुद्रा बोटाला चिकटत होता, तो ते रुमालाला पुसत होते, आणि पिवळ्याचा एक कण मिशीत अडकून बोलण्याबरोबर वरखाली होत होता. “पावसाळ्यात आमच्या बोर्डापुढे तुझी ती बाणांची आकृती दाखवली मी. लोकांचे डोळे उघडले. सेफ्टीतली केवढी मोठी फट होती ती! एक नावावर, तिसरीच कामावर. उद्या काही कमीजास्त झालं असतं तर?” यशोधरानं विचारलं, ज्यांचे आयडी बंद झाले त्यांचं पुढं काय? “अपीलचं बटण आहे ना अ‍ॅपमध्ये,” राजेंद्र सर म्हणाले आणि अर्धं अंडं तोंडात टाकलं. लॉगिनच झालं नाही तर ते बटण दिसणार कुठं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं चहा घेतला.

ती आकृती! बाणांची ती आकृती काढायला तिला दोन रात्री लागल्या होत्या, आणि काढून झाल्यावर ती स्वतःवर किती खूश झाली होती, ते आठवलं तरी आता तिला तोंड लपवावंसं वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात ती महिनाभर कुरवंडे-कुसगाव पालथं घालत होती. हॉटेलं आता बायका कायमच्या ठेवत नाहीत. अ‍ॅपवरून बोलावतात, खोलीगणिक. पाहुणे तारे देतात, तारे कमी झाले की बोलावणं बंद. आजारी पडलात, मयतीला गेलात, पोराची परीक्षा आली, की तारे घसरलेच. या बायकांनी त्यावर तोड काढली होती. भातलावणीला जशी सगळ्यांनी मिळून आज तुझं खाचर, उद्या माझं करायची रीत, तशी त्यांनी अ‍ॅपचीही इर्जिक घातली होती. लीलाबाईंचे तारे सगळ्यांत जास्त, म्हणून त्यांचा आयडी मधे. ज्या दिवशी जिला अडचण तिच्या जागी दुसरी, आणि नाव मात्र कधी पडू द्यायचं नाही. ना कुणी नेमलेली पुढारी, ना कसला कागद. लीलाबाईंनी हे तिला जेवताना सांगितलं होतं, नाचणीची भाकरी आणि वाटाण्याची उसळ वाढता वाढता, हसत, “बगा, आमची अक्कल!” म्हणून. फेलोशिपच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, की माणसांसमोर वही काढू नका, ती बुजतात. ऐकून घ्या, मागाहून लिहा. यशोधरानं सगळं मागाहून लिहिलं. नावं बदलली. गाव गाळलं. संमतिपत्र तीन पानी, शुद्ध मराठीत, लीलाबाईंनी सही करताना विचारलं, “ह्यात काय हाय, ताई?” आणि ती म्हणाली, “तुमचं नाव कुठेही येणार नाही, एवढंच.” नाव! त्या बाईला नावाची कधी पडली होती? नाव तेवढं झाकलं आणि बाकी सगळं उघडं करून बाजारात मांडलं, बाणांसकट, कुणी कुणाच्या जागी कधी जातं ते. रिपोर्टाचं कौतुक झालं. ‘चिवटपणा’ हा माधवीताईंचा लाडका शब्द, त्या म्हणाल्या, “किती सुंदर चिवटपणा आहे गं या बायकांचा!” आणि दोन महिन्यांनी अ‍ॅपनं तोंड मागायला सुरुवात केली. ज्यांची तोंडं जुळली नाहीत त्यांचे आयडी आधी गेले. लीलाबाईंचा सगळ्यांच्या आधी. एवढी पद्धतशीर चूक करायला माणूस फार शिकलेलं असावं लागतं.

नाश्ता झाला तशी माधवीताईंनी तिला गाठलं. माधवीताई फेलोशिपच्या संचालक. हातमागाची साडी, चांदीचं टपोरं गळ्यातलं, आणि बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची सवय. मनानं वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. “यशो, तुला म्हणून सांगते. निवड समितीला तुझं काम आवडलंय, पण ते आता जुनं झालं. चेहऱ्याची पडताळणी आल्यावर बायकांनी काय केलं? गप्प बसल्या नसतील ना त्या. काहीतरी नवी तोड काढली असेलच. तसं काही हाताला लागलं असेल, एक गोष्ट, एक वाक्य, तर दुसरं वर्ष तुझं पक्कं समज.” दंडावरचा हात ऊबदार होता. यशोधराच्या खिशात ते वाक्य होतं. तिनं खिशावर हात ठेवला, आणि आपण तो ठेवला हे लक्षात आल्यावर काढून घेतला.

अकराला ‘कृतज्ञता’ असा कार्यक्रम छापलेला होता. काचेच्या भिंतींच्या हॉलमध्ये सगळे गोल करून उभे राहिले. काचेपलीकडे नागफणीचा सुळका उन्हात लख्ख दिसत होता. यशोधराच्या हातात कुणीतरी चिक्की दिली. तिनं ती न बघता तोंडात टाकली, आणि दाताखाली गूळ फुटल्याबरोबर तिला ती दुसरी चिक्की आठवली. तिची आई, आक्काबाई, वराळ्याहून लोणावळ्याला एका बंगल्यावर कामाला यायची. शनिवार-रविवार मालक आले की राहायलाच लागायचं, मग सात वर्षांची यशोधराही बरोबर. एकदा पाहुण्यांसमोर मालकीणबाईंनी तिला हॉलमध्ये बोलावलं. “ही आमच्या आक्काबाईची मुलगी. एकोणतीसचा पाढा येतो हिला. म्हण गं!” तिनं म्हटला. सोफ्यांवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, “कमाल आहे! यांच्यात सुद्धा…” आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. मग तिला चिक्की मिळाली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी, आणि हसत होती. ते हसू तोंडदेखलं होतं की खरं, हे यशोधराला आजवर ठरवता आलेलं नाही. परतीच्या वाटेवर, कुसगावच्या फाट्यावर, तिला भडभडून ओकारी झाली. आईनं तिचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, “तुला कुनी म्हन म्हनलं व्हतं का सगळा? पाचापात्तुर म्हनून थांबायचं.” तेव्हा तिला तो नुसता रागावण्याचा सूर वाटला होता.

“आणि आता,” माधवीताई म्हणाल्या, “ज्या हातांनी हे तीन दिवस आपल्याला सांभाळलं, त्या हातांना आपण आत बोलावू या.” स्वयंपाकघराच्या बाजूचं दार उघडलं आणि आचारी व चार बायका रांगेनं आत आल्या. चौथ्या लीलाबाई. ओले हात एप्रनला पुसत, खाली फरशीकडे बघत. फरशी त्यांनीच पुसली होती. टाळ्या सुरू झाल्या. चाळीस माणसं गोल करून टाळ्या वाजवतायत, आणि मधे पाच माणसं उभी, आपलं काय करायचं ते न समजून. टाळ्या थांबेनात. आधी कुणी थांबवायच्या, हा प्रश्न असणार. एका फेलोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, दिसू दिलं. शी! आपणही वाजवतोय, हे यशोधराला हाताला घाम आल्यावर कळलं.

आणि त्या टाळ्यांच्या मधोमध ते वाजलं. एकदम चार खिशांतून, तीच धून, टुणटुण टुणटुण. तीन बायकांनी झटकन मोबाइल काढले आणि तोंडासमोर धरले. माना डावीकडे, माना उजवीकडे. लोकांना वाटलं, बायका आपले फोटो काढतायत! सगळं वर्तुळ खुललं. कुणी हात हलवले, कुणी दोन बोटं वर केली, एका बाईनं बदाम करून दाखवला. बायका पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या, आणि उगवतं नेतृत्व दात काढून त्यांच्या मोबाइलकडे बघत होतं. यशोधराच्या घशाशी चिक्की आली. लीलाबाईंचा मोबाइल त्यांच्या मुठीत वाजत होता आणि त्या तो वर करत नव्हत्या. पिंकी हॉलमध्ये नव्हती. काचेतून मागची पायरी दिसत होती आणि पायरीवर शालीचं टोक.

“अरे, हे तर आमचंच अ‍ॅप!” राजेंद्र सर आनंदानं म्हणाले आणि पुढे झाले. “बघा, किती सहज करतात. मावशी, तुमचंपण वाजतंय ना? दाखवा की तोंड. जमत नाही का? द्या इकडे, मी दाखवतो.” त्यांनी हात पुढे केला. लीलाबाईंनी मोबाइल पोटाशी धरला. त्यांनी यशोधराकडे बघितलं नाही. हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. त्या फक्त मागच्या दाराकडे बघत होत्या आणि अंतर मोजत होत्या.

“फोटो!” यशोधरा ओरडली. आपला आवाज इतका चढतो हे तिलाच माहीत नव्हतं. “सर, थांबा, तुम्ही मधे! माधवीताई, तुम्ही इकडून. सगळे मागे सरका, दरी दिसली पाहिजे. मावशींच्याच मोबाइलवर काढते, त्यांना आठवण!” तिनं राजेंद्र सरांना खांद्याला धरून अक्षरशः फिरवलं आणि लीलाबाईंच्या मुठीतून मोबाइल ओढला. मूठ क्षणभर सुटेना, मग सुटली. “मी बाहेरून काढते, सगळे मावत नाहीत. हलू नका हं कुणी! हसा!” आणि ती उलट्या पावलांनी मागच्या दारातून बाहेर पडली. फोटोपुढे माणसं किती आज्ञाधारक होतात! चाळीसच्या चाळीस जागच्या जागी थिजली.

पिंकी भिंतीला टेकून डुलकी घेत होती, लेकरू अंगावर पीत होतं. “ऊठ, ऊठ, तोंड!” यशोधरानं मोबाइल तिच्यासमोर धरला. तेवीस सेकंद उरले होते. पिंकीनं डोळे उघडले आणि मान डावीकडे वळवली, झोपेतच. “कृपया एकच चेहरा दाखवा,” ती गोड बाई म्हणाली. लेकराचं डोकं मधे येत होतं. “कृपया एकच चेहरा दाखवा.” यशोधरानं लेकरू ओढूनच घेतलं. ते रडायला लागलं, तिच्या खांद्यावर दूध ओघळलं, आंबूस, कोमट, आणि तिला त्याची किळस आली नाही. सकाळपासूनच्या सगळ्या वासांत तो एकच वास घेववत होता. “पापण्या मिटा. उघडा. धन्यवाद, पिंकी.” हिरवी खूण उमटली. काचेपलीकडे चाळीस माणसं अजून हसत होती. मधोमध राजेंद्र सर, एक हात लीलाबाईंच्या खांद्यावर ठेवून. त्यांच्या मिशीत तो पिवळा कण अजून तसाच असेल, असं यशोधराला उगीच वाटलं. तिनं मोबाइल उंच धरला, अंगठा हलवल्यासारखा केला आणि हात करून ‘झालं’ म्हणून खुणावलं. फोटो एकही काढला नाही.

लीलाबाई बाहेर आल्या. लेकराला आधी पिंकीकडे दिलं, मग मोबाइल घेतला, हिरवी खूण बघितली, खिशात टाकला. यशोधरा उभी होती. आपण कशाची वाट बघतोय हे तिला दोन क्षणांनी समजलं: शाबासकीची! इतकं सगळं होऊनही आपल्याला टाळीच हवी आहे, एकच का होईना. आणि त्याच्याही पुढे जाऊन, आत कुठेतरी, डोक्यात तो प्रसंग लिहूनही झाला होता. फोटोची युक्ती, थिजलेली माणसं, एकच चेहरा दाखवा. चांगलंच वठलं असतं ते. स्वतःच्या डोक्याचाच तिला इतका वीट कधी आला नव्हता.

“झालं माझं काम,” ती म्हणाली. “कुणाला काही कळलं नाही, मावशी.”

“व्हय,” लीलाबाई म्हणाल्या. “आता तुमचा दावा.”

“काय?”

“फोन.” आवाज चढलेला नव्हता. “सकाळी हात धुवायला गेलता तुमी. पानी लय येळ चालू व्हतं. अन् भाईर आला तवा हात कोरडे. उन्हाळ्यात आमच्या हितं जेवला, तवाबी न्हानीत हात धुवायला गेलता. तवाबी कोरडेच व्हते. मला तवा कळलं न्हाई. म्हनलं, शिकलेली मानसं, पुसून आली आसतील.”

पिंकी लेकराला थोपटत होती आणि दरीकडे बघत होती. यशोधराला वाटलं, काहीतरी बोलावं, निदान माफ करा म्हणावं. पण तो शब्दही फक्त आपल्यालाच हलकं करायला होता. तिनं मोबाइल काढला आणि दाखवला. लीलाबाईंनी डोळ्यांपासून लांब धरून, ओठ हलवत ते चार शब्द वाचले. “माजंच बोलनं हाय,” त्या म्हणाल्या, थोड्या नवलानं. “पुसा.” यशोधरानं पुसलं. “आता त्या कचऱ्याच्या डब्यातनंबी काडा. तसं पुसलेलं म्हैनाभर आत ऱ्हातं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तुमीच शिकवलंवतं की. शाळंच्या हालात, सगळ्या बायांना. ‘नुसतं पुसून भागत न्हाई, आतनंबी काडायचं,’ म्हनून.”

तिनं आतून काढलं. कायमचं काढायचं का, असं मोबाइलनं विचारलं, आणि तिचा अंगठा क्षणभर, अगदी क्षणभर, थांबला. तोही लीलाबाईंनी बघितला. मग तिनं दाबलं. डबा रिकामा झालेला बघून लीलाबाईंनी मान हलवली, बादली उचलली आणि काचेवर चाळीस माणसांच्या टेकलेल्या बोटांचे डाग पुसायला गेल्या.

“यशो! तुझ्यापासून सुरुवात,” माधवीताईंनी आतून हाक मारली. “आणि तो फोटो मला पाठव हं!” यशोधरा आत गेली. समोर सगळे बसले होते. राजेंद्र सरांनी वही उघडली होती. पडद्यावर तिचं नाव होतं आणि खाली पांढरी मोकळी जागा. तिला आईचं बोलणं आठवलं, पाचापर्यंत म्हणून थांबायचं, आणि आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते रागावणं नव्हतं हे कळलं. डोळ्यांपुढे गुलाबी ढग आले, चौकात शिडी लावून उभे असलेले वडील आले. तिनं माइक हातात घेतला.

“त्या रिपोर्टानंतर मला नवीन काही सापडलं नाही,” ती म्हणाली.

“काहीच नाही?” माधवीताईंचा चेहरा खरंच पडला. “अगं, एवढ्या बायकांना भेटलीस. एखादं वाक्यसुद्धा नाही?”

“नाही.”

राजेंद्र सरांनी वही मिटली. काचेवर फडक्याचा कुईकुई आवाज येत होता, अगदी तिच्या पाठीमागे. वळून बघितलं असतं तर लीलाबाईंनी ऐकलं की नाही ते कळलं असतं. यशोधरा वळली नाही. माइक टेबलावर ठेवून ती आपल्या जागेवर जाऊन बसली.